आक्कानं उचललेलं वजन

प्रिय विमल आणि अशोक,

तुमचं कराचीचं पाकीट परवा मिळालं. विमल, तू विचारलं आहेस, "आजी, आईच्या हनुवटीला पट्टा बांधून डोकं ओढणार आहेत. तुलाही असंच बांधलं होतं ना? दुखतं का?" आणि अशोक, तू खाली पेन्सिलीनं पलंग काढला आहेस, त्यावर आई निजली आहे, तिच्या डोक्याला दोरी आहे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला हत्ती.

हत्ती नसतो, बाळा. वाळूची पिशवी असते.

माझ्या त्या सहा आठवड्यांबद्दल गेल्या नऊ वर्षांत मी कुणाला काही लिहिलं नाही. मी मानेला पट्टा बांधून बेळगावच्या इस्पितळात होते आणि त्याच दिवसांत आक्का गेली, एवढंच तुमच्या आईला माहीत आहे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तुमच्या आईनं दोनदा पत्रातून विचारलं, "शेवटी तुझं आणि आक्काचं काय बोलणं झालं?" दोन्ही वेळा मी हवापाणी लिहून पत्र संपवलं. आता तीच त्या पलंगावर निजणार आहे, तेव्हा लिहायला हवं. हे तिला वाचून दाखवा. पट्टा बांधायच्या आधी वाचा.

दुखणं

सुरुवात मानेपासून झाली. मला वाटलं, थंडीनं मान धरली असेल. मग दुखणं खांद्यात उतरलं, तिथून उजव्या दंडात, तिथून अंगठ्यापर्यंत. हातात मुंग्या असत. मी तेव्हा घरी चार मुलींना इंग्रजी शिकवत असे. एकदा त्यांच्या वह्या तपासताना हातातून टाक गळून पडला आणि तो पडल्याचं मला वहीवरचा शाईचा डाग बघून कळलं. बोटांना काहीच कळलं नव्हतं.

त्याआधी शेक झाला, तेल झालं. मानेला झटका देऊन शीर मोकळी करणारा एक गृहस्थ शहापुरात होता, त्याच्याकडेही तुमच्या आजोबांच्या नकळत जाऊन आले. त्यानं झटका दिला आणि तिथून दुखणं दुप्पट झालं. तुमच्या आईनं असल्या कुणाकडे जाऊ नये.

मग मिरजेला जाऊन हाडांचा फोटो काढला. बेळगावच्या डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. टाचणीनं माझ्या बोटांना टोचत विचारू लागले, "हे कळतं? हे?" मी डोळे मिटून "हो, हो" म्हणत होते. डोळे उघडले तर अंगठ्यावर रक्ताचे दोन थेंब होते. तिथं टोचलेलं मला कळलंच नव्हतं. तुमचे आजोबा वकील, कोर्टात कुणाला न घाबरणारे. पण ते थेंब त्यांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसले आणि अंगठा स्वच्छ झाल्यावरही पुसतच राहिले.

डॉक्टर म्हणाले, "मणके एकमेकांवर बसलेत, मधली शीर चेपते आहे. मान ताणून धरावी लागेल. सहा आठवडे. मध्ये सोडलं तर हाताची खात्री मी देणार नाही."

ताण

पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर उंच केलेली असते. एक पट्टा हनुवटीखाली, एक डोक्यामागे. दोन्ही वर एका लाकडी दांडीला अडकवतात. दांडीची दोरी पलंगाच्या कठड्यावरच्या कप्पीवरून मागे जाते आणि तिथं वाळूची पिशवी लोंबते. बस, एवढंच.

विमल, दुखतं का? पहिला दिवस फार. मानेपेक्षा जबडा दुखतो. तोंड मिटलेलंच राहतं, बोलायचं ते दातातल्या दातात. मान हलत नाही, म्हणजे हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंडातली कळ उतरली आणि कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली. पट्ट्यानं हनुवटीखालचं कातडं मात्र सोलवटून निघालं. तिथं कापूस राहत नाही, सरकतो.

आईला अंबाडा घालू देऊ नका, मागच्या पट्ट्याखाली तो खिळ्यासारखा टोचतो. कानाशेजारी दोन वेण्या घालाव्या. माझ्याही तशा घातल्या होत्या, पंचावन्नाव्या वर्षी. शेजारच्या पलंगावर वडगावची गंगव्वा होती, विणकराच्या घरची. तिच्या कमरेसाठी पायांना वजन लावलं होतं. ती म्हणाली, "बाई, शाळंला निघालासा व्हय?" आणि मग स्वतःच्या पायांकडे बघून, "आमच्या मागाला बी असंच वजन अडकवत्यात बघा, ताणा ढिला पडू नये म्हनून. आता तुमचं लुगडं व्हनार आनि माझं धोतर." हसता येत नव्हतं. हसू पोटातल्या पोटात दाबलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

तिथल्या सिस्टर धारवाडकडच्या, कडक. पण आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही हे कळल्यावर त्या रोज पाचच्या आत पिशवी उतरवून मला पेज पाजायच्या आणि पुन्हा चढवायच्या. त्यांनीच एक दाढीचा आरसा पलंगाच्या दांडीला बांधून दिला, दाराकडे तिरपा करून. नाहीतर मला छपराच्या कौलांशिवाय काही दिसत नव्हतं. आरशात कोण आत आलं, कोण बाहेर गेलं ते दिसे. माझ्या डोक्यामागे, भिंतीकडे कोण उभं आहे ते मात्र दिसत नसे.

हे लक्षात ठेवा.

कार्डं

आता आक्काबद्दल सांगते.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी विधवा होऊन निपाणीजवळच्या आमच्या गावी परत आली ती कायमची. वडिलांची तंबाखूची शेती होती. मला बेळगावला शाळेत घाला म्हणून वडिलांच्या मागे लागली ती आक्काच. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. मी सुट्टीत घरी गेले की माझं इंग्रजी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि म्हणायची, "मुंग्यांची रांग हाय नुसती. आनि ह्यातनं तुला मानसं बोलल्यालं ऐकू येतंय व्हय गं?"

तुमची आई दोन वर्षांची असताना मला क्षयाची शंका होती. तीन वर्षं आक्कानं तिला सांभाळलं. परत आणलं तेव्हा शांता मला "बाई" म्हणत होती आणि आक्काला "आई". त्यानंतर सुट्टीतही मी तिला आक्काकडे राहायला पाठवलं नाही.

पुढं शांताचं लग्न कराचीला ठरलं. आक्का बेळगावात आमच्या टिळकवाडीच्या घरी आली, पाणीसुद्धा न पिता स्वयंपाकघरात उभी राहिली. "चंपे, बोटीनं जायाचं तितं. पोरीला ताप आला तर कोन बघंल? निपानीत काय कमी स्थळं हाईत?"

मी म्हणाले, "तुला यातलं काय कळतं? तीन वर्षं सांभाळलीस म्हणून ती तुझी झाली नाही."

बाळांनो, हे वाक्य मी मोठ्यानं बोलले नाही, रागानंही नाही. वर्गात चूक दुरुस्त करताना बोलावं तसं बोलले. आक्कानं आणलेला डबा ओट्यावर ठेवला आणि गेली. लग्नात ती मागच्या दारी चुलीशी राबली, माझ्याकडे बघितलं नाही.

आपल्यात पर्युषण संपलं की क्षमा मागतात. वर्षभरात मनानं, बोलण्यानं, कृतीनं दुखावलं असेल तर क्षमा करा, असं एकमेकांच्या दारी जाऊन, हात जोडून म्हणायचं. लांबच्यांना कार्ड पाठवायचं. मी टापटिपीची. दर वर्षी छापखान्यातून कार्डं छापून घेई. नावांची यादी होती, कार्ड पेटीत पडलं की नावापुढे खूण करायची. त्या यादीत आक्काचं नाव नववं होतं.

जिला वाचता येत नाही अशा सख्ख्या बहिणीला मी सात वर्षं छापील कार्ड पाठवलं. लग्नाकार्याला वर्षातून दोनदा निपाणीला जात होते. तिथून गाव चार मैल. गेले नाही. खूण केली की मला वाटे, काम झालं.

आक्का आली

तिसरा आठवडा संपत आला होता. दुपारची वेळ. कौलांकडे बघत पडले होते. डोक्यामागून आवाज आला.

"झोपलीस व्हय गं, चंपे?"

सात वर्षांनी ऐकलेला आवाज. ती दारातून आली तेव्हा माझं लक्ष कौलांकडेच असावं, आरशात मी तिला पाहिलंच नाही. ती भिंत आणि पलंग यांच्या मधल्या बोळकांडीत, माझ्या डोक्याशी उभी होती. तिच्याबरोबर आमच्या भावाचा मुलगा भरमू होता, तो दाराशी थांबला. निपाणीहून सर्व्हिस मोटारीनं चार तास बसून आली होती.

"काय गं ह्यो अवतार. बैलालाबी असं बांधत न्हाईत कोन."

मी दातांतून "आक्का" म्हणाले.

"बोलू नगं. भरम्यानं सांगिटलंय मला, तोंड बांधलंय म्हनून. बरं झालं, आज मी बोलतो, तू ऐक. लई वरीस उलटं चाललंय." आणि हसली. आमच्याकडच्या बाया "बोलतो, जातो" असंच म्हणतात. मी शाळेत जाऊन ते सोडलं, आक्कानं सोडलं नाही.

मग म्हणाली, "पोटात अन्न ऱ्हात न्हाय आता. चार म्हैनं झालं. म्हाराजांना इचारलं. व्हय म्हनलं त्यांनी. सल्लेखना घेनार हाय मी. आदी समद्यांची क्षमा मागून यावं लागतंय. तू शेवटची. लांब हायस म्हनून."

तुम्ही कराचीत वाढलात म्हणून सांगते. सल्लेखना म्हणजे मरण जवळ आलं असं समजलं की गुरूच्या संमतीनं हळूहळू अन्न सोडायचं, मग पाणी. त्याआधी कुणाचं काही मनात ठेवायचं नाही आणि आपलं कुणाच्या मनात राहू द्यायचं नाही.

"शांतीच्या लग्नाच्या वक्ताला मी तुला लई मनात धरलं, चंपे. सोडलं आता. तूबी सोड. मला क्षमा कर."

क्षमा तिनं माझी मागितली. मला मान हलवता येत नव्हती. उजवा हात उचलला, तो चादरीवरून वीतभरही उठला नाही. डावा उठला असता, पण त्या क्षणी डाव्या हाताची आठवणच झाली नाही. ती डोक्यामागे होती, माझे डोळे तिला दिसत नव्हते.

"सोलवटलीस गं पार," ती म्हणाली. "पट्टी आनलीया बघ. माजंच जुनं लुगडं हाय, मऊ पडल्यालं."

मग एकदम मान सैल झाली. जबडा मोकळा झाला. तिनं मागची पिशवी उचलून कमरेवर घेतली होती, घागर घ्यावी तशी. पोटात अन्न न राहणाऱ्या बाईनं. आणि दुसऱ्या हातानं ती माझ्या हनुवटीखाली ती घडी सरकवत होती. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता.

माझं तोंड मोकळं होतं. एक मिनिट असेल, जरा जास्तच असेल. तीन आठवड्यांत पेजेच्या वेळेखेरीज पहिल्यांदा मला सरळ बोलता येत होतं. आणि मी म्हणाले,

"आक्का, पिशवी सोड. वजन हलवायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

हेच म्हणाले. दुसरं काही नाही.

"सोडतो गं, सोडतो," ती म्हणाली. तिनं पिशवी हळूच खाली सोडली, झटका बसू न देता. ताण परत आला, तोंड मिटलं. "शाळंतलीच ऱ्हायलीस बघ तू." माझ्या कपाळावर हात ठेवला. "येतो आता. मोटार हाय."

दातांतून एक शब्द निघाला असता. पण मला ते नीट म्हणायचं होतं. बरी झाले की तिच्या घरी जाऊन, समोर बसून, पूर्ण.

आरशात मला ती जाताना दिसली. पाठमोरी, अनवाणी, भरमूच्या खांद्यावर हात. दारात थांबली. मला वाटलं वळेल. ती उंबऱ्याला नमस्कार करायला थांबली होती.

एकवीस दिवस

संध्याकाळी तुमच्या आजोबांना दातांतून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या मोटार सांगतो. तुला निजवून नेऊ."

सकाळी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "पट्टा काढायला एक मिनिट लागतं. हाताचं मी काही सांगू शकत नाही. ठरवायचं तुम्ही." मग माझ्या अंगठ्याला टोचलं. मला कळलं! त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तुमच्या आजोबांनी विचारलं, "काय करायचं?"

मी हिशेब केला. अजून एकवीस दिवस. व्रतात अन्न एकदम सोडत नाहीत, आधी एक वेळ, मग दूध, मग ताक, मग नुसतं पाणी. आक्काची हाडं काटक. मी म्हणाले, "एकवीस दिवस. आक्का थांबेल."

निर्णय माझा होता. डॉक्टरांचा नव्हता, यांचाही नव्हता. तुमच्या आईनं हे नीट समजून घ्यावं.

तुमचे आजोबा रोज सकाळी बसदीत, म्हणजे आपल्या जैन मंदिरात जात आणि येताना छोट्या कुपीतून गंधोदक, अभिषेकाचं पाणी, आणून माझ्या कपाळाला लावत. पाऊस असो, कोर्ट असो, त्यात खंड नाही. अठराव्या दिवशी ते आलेच नाहीत, काम निघाल्याचा निरोप आला. एकोणिसाव्या दिवशी आले. आरशात दिसलं, दाराबाहेर थांबून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, मग आत आले. हसले. पण हातात कुपी नव्हती.

"गंधोदक?" मी विचारलं.

"विसरलो गं."

विसाव्या दिवशीही कुपी नव्हती. पुन्हा म्हणाले, "विसरलो."

चाळीस वर्षांच्या वकिलीत हा माणूस एक तारीख विसरला नव्हता. प्रेताला खांदा देऊन आलेला माणूस दोन-तीन दिवस मंदिराची पायरी चढत नाही. मी काही विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. ते माझा डावा हात धरून बसले आणि आम्ही दोघं कौलांकडे बघत राहिलो.

गंगव्वा एरवी गप्प न बसणारी बाई. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाई, रडू नगासा. पानी कानात जातंय, पुसायला मिळत न्हाय." आणि सिस्टरना हाक मारली.

एकविसाव्या दिवशी वजन उतरवलं. मान बरी झाली होती.

सोप्यात

गळ्याभोवती पुठ्ठ्याची पट्टी बांधून गावी गेले. भरमूनं सोप्यात घोंगडं अंथरलं. आक्काचा कोपरा झाडून ठेवलेला होता, तिथं काही नव्हतं. तिचं असं कधी काही नव्हतंच.

मी विचारलं, "भरमू, माझ्याबद्दल काही म्हणाली?"

तो उठला. मग आत जाऊन एक पुडकं घेऊन आला. माझी सात कार्डं, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली.

"पैलं कार्ड आलतं तवाच मी म्हनलं, आत्या, वाचून दाखवतो. हात लावू दिला न्हाय. म्हनली, 'ठेव तितं. जिनं लिवलंय ती येऊन वाचंल.' दर वर्साला तेच. पर्युषन झालं की चार दिस सोप्यात बसायची, वाटंकडं बघत."

"आणि शेवटी?"

"शेवटी इचारलं मी, 'आत्या, चंपा आत्यानं केली न्हवं क्षमा?' तर म्हनली, 'तिचं तोंड बांधलंवतं रं.'"

तिनं माझ्यासाठी सबब शोधून ठेवली होती. तोंड तर तिनंच मोकळं केलं होतं.

मी दोरा सोडला. डाव्या हातात कार्ड धरलं आणि रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून वाचलं. सातही कार्डांवर एकच मजकूर होता. तरी सातही वाचली, एकामागून एक, मोठ्यानं. भरमू खांबाला टेकून ऐकत होता. तिसऱ्या कार्डानंतर त्यानं तोंड फिरवलं.

त्यानंतर मी कार्डं छापली नाहीत. शक्य तिथं जाते. जाता येत नाही तिथं कुणाला तरी वाचून दाखवायला सांगते, आज तुम्हाला सांगितलं तसं.

विमल, आईच्या पट्ट्याखाली मऊ सुती कापड घाल, धुऊन धुऊन विरलेलं, नवं नको. ती पट्ट्यात असताना तिच्या डोक्यामागे उभी राहू नकोस, समोर उभी राहा. आणि तिचं माझ्याशी काही राहिलं असेल, शांते, तुझं माझ्याशी काही राहिलं असेल, तर ते मला आत्ता कळव. मी तुझी क्षमा मागते. तुला आक्काकडून परत आणलं त्याबद्दल नाही. तुला तिच्याकडे पुन्हा जाऊ दिलं नाही, त्याबद्दल.

उजव्या हाताची तीन बोटं चालतात, अंगठा त्यांतला एक. हे पत्र त्यांनीच लिहिलं आहे. मान सरळ आहे. सात कार्डं आणि आक्काच्या लुगड्याची ती घडी माझ्या पेटीत वरच्याच कप्प्यात आहे. घडीवर एका बाजूला माझ्या रक्ताचा डाग आहे, दुसरी बाजू पांढरी आहे.

तुमची,
आजी